आमेनच्या आधी

चर्चमध्ये माझ्या पुढच्या बाकावर रूथमावशी आणि त्यांचे यजमान, शमुवेलकाका, बसतात. पक्षाघातानं काकांची वाचा गेली, त्याला बरीच वर्षं झाली. प्रार्थना संपली की आम्ही सगळे एका सुरात "आमेन" म्हणतो. मावशी मात्र काकांकडे वळून थोडा वेळ नुसत्या बघत राहतात आणि मग हळूच, एकट्याच म्हणतात.

एकदा न राहवून मी विचारलं, "मावशी, आमेन म्हणायला तुम्ही मागे का राहता?"

"आज त्यांना म्हणावंसं वाटलं तर? माझ्या घाईत राहून जायला नको."

"कंटाळा नाही येत?"

"येतो की. देवाचा रागसुद्धा येतो. तोही त्यालाच सांगते."

तेव्हापासून मला कुतूहल लागून राहिलंय. राग आणि आशा एकाच मनात इतकी वर्षं शेजारी कशी राहत असतील? आणि तरीही दर रविवारी ही बाई नव्यानं कशी वळत असेल?

गेल्या रविवारी प्रार्थना संपली आणि काकांचे ओठ हलले. मावशींनी चटकन मागे पाहिलं.

"ऐकलंस?"

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मावशींनी काकांचा हात हातात घेतला. त्या दिवशी त्यांनी आपलं आमेन वेगळं म्हटलंच नाही.