चकतीखालचा कोळसा

मी खासगी मोजणीची कामं करते. चौकपासून खोपोलीपर्यंत बऱ्याच जमिनींच्या कोपऱ्यांवर मी हद्दीची खूण म्हणून बसवलेल्या पितळी चकत्या आहेत. लोकांना वाटतं त्यात काय, खड्डा खणा, सिमेंट ओता, वर चकती दाबा. तशा बसवलेल्या चकत्या दोन पावसाळ्यांत डुलायला लागतात, भाताच्या जमिनीत तर हमखास. मी खड्डा कमरेइतका खणते आणि तळाशी मडक्यासारखा रुंद करते, म्हणजे वरून कितीही ओढलं तरी पाया जागा सोडत नाही. तळ ठोकून घ्यायचा, मधोमध सळई उभी करायची, काँक्रीट ओलं असतानाच चकतीचा दांडा आत बसवायचा आणि आठवडाभर वर ओलं गोणपाट ठेवायचं. या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नाही.

चौकच्या पुढे एका काकींच्या शेताला लागून मुंबईच्या माणसाने बंगल्यासाठी जमीन घेतली. हद्दीच्या कोपऱ्याला काकींची विहीर. तिला वैशाखातही पाणी असायचं आणि त्यावरच त्यांचा भाजीचा मळा चालायचा. चकती विहिरीच्या पलीकडे यायची होती. काँक्रीट कालवून तयार झालं, तेव्हा काकी टोपलीभर कोळसा घेऊन आल्या.

"ह्यो खाली टाक गं. कोळसा कुजत नाय, त्याला वाळवी लागत नाय. वरची खूण कुनीबी हलवील, खालचा कोळसा कोन काढतंय? माझ्या सासऱ्यानं सगळ्या बांधांना असाच टाकलाय."

एवढा ठोकून घेतलेला तळ, आणि त्यावर चुलीतला कोळसा! पाया कच्चा राहील, असं मला वाटलं. पण वाद नको म्हणून "टाकते काकी" म्हणाले. त्या चहा ठेवायला घरात गेल्या आणि मी टोपली करवंदीच्या जाळीत उलटी केली. चहा आला तेव्हा चकती बसली होती.

"टाकलास ना गं?"

"टाकला," म्हणाले आणि चहा प्यायले.

तीन पावसाळ्यांनी काकींचा फोन आला. कुंपणाच्या भिंतीचं काम निघालं होतं, जेसीबी फिरून गेला होता आणि चकती विहिरीच्या अलीकडे आली होती. भिंत तिथून गेली असती तर विहीर बंगल्याच्या आवारात. चकती माझीच, वरचा नंबर माझाच. माझं मशीन म्हणत होतं, चकती वीस फूट सरकली. बंगलेवाल्यांच्या मोजणीदाराचे आकडे अर्थातच बंगलेवाल्यांच्या बाजूचे. गावातले चार लोक जमले, आवाज चढले.

काकी मात्र शांत होत्या. "भांडता कशाला? ही सांगते तिथं खना. कोळसा लागला तर हद्द माझी, नाय लागला तर विहीर तुमची. हिनं स्वताच्या हातानं टाकलाय."

बंगलेवाले लगेच कबूल झाले.

गप्प राहिले असते तर अर्ध्या तासात विहीर गेली असती.

"काकी, मी कोळसा टाकला नव्हता," मी म्हणाले. "तुमच्याशी खोटं बोलले."

कुणीतरी हसलं. काकींनी माझ्याकडे पाहिलंही नाही. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

"तरी खणा," मी म्हटलं.

दोन फुटांवर कुदळ खणकन वाजली. जेसीबीने वरचा खांब उपटला होता, पण मडक्यासारखा पाया आतच मोडून राहिला होता आणि त्याच्या मधोमध तुटलेली सळई होती. समोरचा मोजणीदार वाकून बराच वेळ बघत राहिला, मग त्याने आपला टेप गुंडाळला. विहीर काकींची राहिली.

नवी चकती तिथेच, लगेच बसवायचं ठरलं. मी जुना पाया काढून खड्डा साफ केला. शेवटी माझीच पद्धत कामी आली, हे सांगायला जीभ वळवळत होती. तेवढ्यात काकी घरात जाऊन टोपली घेऊन आल्या.

"आता टाक," त्या म्हणाल्या.

मी मूठमूठ करून सगळा कोळसा तळाशी पसरला. काँक्रीट ओतून चकती बसेपर्यंत काकी खड्ड्याच्या काठावरून हलल्या नाहीत. त्या दिवशी चहा झाला नाही.