भात रुसलंय का?

मी सातवीत होते त्या वर्षी आमच्या घरी भात शिजला तो फक्त गणपतीत. एरवी वर्षभर नाचणीची भाकरी. भोरकडच्या हिर्डोशीत, आमच्या भाताच्या खाचरात लोंब्या उभ्या दिसत होत्या, पण चिमटीत धरल्या की आत दाणाच नाही. का, ते मला कुणी सांगितलं नाही. पुढे मी बी.एस्सी. ॲग्री झाले, घरातली पहिली ग्रॅज्युएट, आणि मग एम.एस्सी. केलं, तेही पिकांच्या रोगांत. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची चूक शिकलेल्या माणसालाच जमते.

आमचा प्रोजेक्ट म्हणजे पुण्यातली प्रयोगशाळा, एक कृषी महाविद्यालय आणि परदेशातलं एक विद्यापीठ यांची भागीदारी. काम एकच. भातावरचा करपा पसरायच्या आत पकडायचा. करपा ही बुरशी. आधी पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके येतात. मग लोंबीची मान काळी पडते आणि दाणा भरतच नाही. एकदा मान धरली की औषधाचा उपयोग नाही.

पकडायच्या वाटा दोन. बांधावर चिकट काचपट्टी लावायची, तिच्यावर हवेतले बुरशीचे कण बसतात. आणि दर सोमवारी ऑफिसमधून भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्यांना फोन : ‘तुमच्या भातावर रोग आहे का?’ हो म्हटलं की नकाशावर लाल ठिपका, नाही म्हटलं की हिरवा. हा फॉर्म मी बनवला होता. यादीत माझी आईसुद्धा होती.

भात पोटरीला आलं, म्हणजे लोंबी अजून पोटात, आणि वेल्ह्याची काचपट्टी कणांनी भरून आली. नकाशा मात्र हिरवागार. ऑनलाइन मीटिंगमध्ये परदेशातले सर म्हणाले, पट्टीत बिघाड असेल, शेतकऱ्यांना इशारा पाठवू नका. उगाच फवारणी झाली तर पुढच्या वेळी आपलं कोण ऐकेल? त्यांचंही चूक नव्हतं.

मीटिंग संपल्यावर आमच्या प्रमुख, साने मॅडम, मला म्हणाल्या, “यंत्र खोटं की माणसं खोटी, परवापर्यंत सांग. लोंबी काही आपल्यासाठी थांबणार नाही.”

मी घरी फोन लावला.

“आई, भात कसंय?”

“बरं हाय. जरा रुसलंय.”

“रुसलंय म्हंजे?”

“रुसलंय म्हंजे रुसलंय. पानावर डोळं उमटल्यात.”

“आगं, मग सोमवारी ‘रोग न्हाई’ असं का सांगितलंस?”

“उभ्या पिकाला रोगी म्हंत्यात व्हय? घरातलं माणूस जरा पडलं तर गावभर सांगत सुटतीस का? आन् तुला ठावं न्हाई? तू सातवीत व्हतीस तवा केवढं रुसलं व्हतं!”

मी फोन ठेवला आणि सरळ यादी काढली. दर सोमवारी फोन करणाऱ्या ऑफिसातल्या मुलीला म्हटलं, आज फोन मी करणार. प्रश्न एकच : “भात रुसलंय का?”

यादीतले वेल्ह्याकडचे एक शेतकरी, तात्या, पहिल्याच दमात म्हणाले, “लई रुसलंय, ताई! पर तुमी इतकं दिस रोगच इचारत व्हता.”

“मग सांगायचं ना, तात्या.”

“इचारलं त्येचंच उत्तर द्यावं मान्सानं. तुमची ती पोरगी लई घाईत असती.”

दुपारपर्यंत निम्मा नकाशा लाल झाला. पण नुसत्या शब्दावर इशारा देता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं वेल्हे गाठलं, तात्यांच्या आणि शेजारच्या खाचरांतली पानं पिशवीत घातली आणि संध्याकाळी लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरली. करपाच. पट्टी खरी होती. माणसंही खरी होती. खोटा होता माझा फॉर्म.

मीटिंगमध्ये मॅडमनी ‘रुसणं’ इंग्रजीत समजावून सांगितलं. सरांनी गंभीरपणे वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “हा करप्याचा वेगळा प्रकार आहे का?”

“नाही सर, करपाच,” मी म्हटलं. “फक्त अदबीनं सांगितलेला.”

तासाभरात मेसेज गेला : युरिया थांबवा, त्यानं करपा वाढतो; लोंबी बाहेर पडायच्या आत औषधाचा फवारा घ्या. मेसेजची सुरुवात मी ‘भात रुसलं असेल तर’ अशी केली. ज्यांनी लगेच ऐकलं त्यांचं भात वाचलं. दोघांनी आठवडा घालवला, त्यांच्या काही लोंब्या पोचट गेल्या. तात्यांनी फोन करून सांगितलं, “समजूत पटली बरं का त्याची!”

आता फॉर्मवर ‘रोग’ हा शब्द नाही. प्रश्न लिहायच्या आधी मी गावात जाऊन बसते आणि लोक काय म्हणतात ते ऐकते. डिग्रीत हे शिकवत नाहीत, आणि ज्या घरात ते शिकता आलं असतं, तिथला शब्द मी कधी कान देऊन ऐकला नव्हता.

त्या वर्षी हिर्डोशीच्या आमच्या खाचरात लोंब्या भरल्या. घरात वर्षभर भात शिजला.