पाठ करून बसणारा माळवाला

लातूरच्या गोलाई बाजारात एक माळवाला नाताळच्या दिवसांत गिऱ्हाइकांकडे पाठ करून बसतो. दुकानाच्या तोंडाशी दिव्यांच्या माळा लुकलुकत असतात आणि हा आत भिंतीकडे बघत काम करतो. शाळेत शिकवायला जाता-येता मला तो उर्मटच वाटायचा.

यंदा आमच्या नाताळच्या झाडाची माळ अर्धीच लागली. गल्लीच्या गणपतीला, मग देवीला, दिवाळीत शेजाऱ्यांकडे, अशी फिरून ती आमच्याकडे येते. ती घेऊन मी त्याच्याकडे गेले. त्यानं मान न वळवता हात मागं केला, माळ मांडीवर घेतली आणि एकेक दिवा अंगठ्यानं दाबत गेला.

"आतून वायर गेलीय, बाई. लई राबली ही. नवी घ्या."

"चांगली लुकलुकणारी द्या मग."

त्यानं डोळे चोळले. "गणपतीपास्नं हेच बघायलोय. डोळे मिटले तरी आत लुकलुक चालूच. घरी बायको लाइट बंद करून जेवायला वाढती."

मलाच मग ती लुकलुक नकोशी झाली. "एकसारखी जळणारी आहे का एखादी?"

"हाय. पण कुणी मागत न्हाई."

तळाच्या फळीवरून त्यानं एक धुळकट खोकं काढलं आणि माळ लावून पाहिली. पिवळसर उजेड पडला आणि तसाच राहिला. मी पिशवी पुढं केली. त्यानं बटण बंद केलं नाही.

"थांबा बाई," तो म्हणाला. "जरा बघू द्या. मग गुंडाळतो."