मा ओगुस्तच्या माडीवरचे डॉक्टर

शनिवारची सकाळ होती. माडीवरच्या पोरांना खायला घालून झालं होतं आणि माझी शेजारीण मा ओगुस्त आता आम्हा दोघींसाठी दुसरा घाणा काढत होती. मैद्याच्या जाड पुऱ्या तेलात टम्म फुगत होत्या, शेजारी कोको दालचिनी-तमालपत्राबरोबर उकळत होता, आणि खारवलेला मासा धुऊन त्यातलं मीठ काढायचं काम तिनं माझ्याकडे दिलं होतं.

"नीट पिळ, डूडू," ती म्हणाली. लाडानं ती मला डूडू म्हणायची. "मागच्या वेळी तुझ्या हातचा खाल्ला आणि दिवसभर समुद्र प्यायल्यासारखं झालं मला."

खालच्या रस्त्यावरून बोनिफेस मासेवाल्याचा शंख ऐकू आला आणि मागोमाग त्याची हाक. "डॉक्टरांच्या आई, ताजा कुपा आहे. की आज पेशंट बघायचेत?" मानं खिडकीतून पिठाचा हात हलवून त्याला पुढं पिटाळलं, पण हसली. त्या नावावर ती नेहमीच हसायची.

तेवढ्यात दार वाजलं.

आमच्या या बेटावरच्या गावात दार कोणी वाजवत नाही. रस्त्यावरून हाक मारतात आणि उत्तर यायच्या आत पायरी चढलेले असतात. त्यामुळे दार वाजलं म्हणजे परकं माणूस. मानं गॅस बारीक केला, एप्रन काढून खुर्चीवर टाकला, आणि दार उघडलं.

बाहेर पन्नाशीची एक बाई उभी होती. इस्त्रीचा फुलाफुलांचा झगा, पायात नर्स घालतात तसले पांढरे बूट, काखेत घट्ट धरलेली पर्स. नाव सुमिंत्रा रामलोचन. मूळची गयानाची, आता न्यूयॉर्कमध्ये राहणारी. तिच्या मुलीला टेकडीवरच्या वैद्यकीय कॉलेजात जागा मिळाली होती. अमेरिकेतल्या कॉलेजांनी पोरीला तीनदा नाही म्हटलं होतं, इथल्यांनी पहिल्याच पत्रात हो म्हटलं. आठवड्याभरात कळवायचं होतं. नवरा म्हणाला, घरावर कर्ज काढू. ही म्हणाली, आधी मी डोळ्यांनी बघून येते. कॉलेजातल्या बाईंनी तिला सगळं दाखवलं आणि शेवटी सांगितलं, मुलं राहतात कशी ते मा ओगुस्तला विचारा.

हे नवीन नव्हतं. कितीतरी आईबापांना मा ओगुस्तचा नंबर दिला जायचा. फोनवर तिचं उत्तर ठरलेलं असायचं: काळजी करू नका बाई, पोरं पोटभर खातात, देव चांगला आहे, सगळे डॉक्टर होतात.

मा ओगुस्तचं खरं नाव पर्पेच्युआ; 'मा' हे गावानं मानानं लावलेलं. जन्म केळीच्या खोऱ्यातला. कळायला लागल्यापासून केळीच्या फण्या धुऊन खोक्यात भरायचं काम. हातांना केळीच्या चिकाचे काळे डाग पडलेले असायचे, म्हणून प्रार्थनेला जाताना ती हात पाठीमागं धरून चालायची, असं तिनंच मला सांगितलं होतं. नवरा कामासाठी शेजारच्या मार्टिनिक बेटावर गेला तो तिकडचाच झाला. पुढं केळीचा बाजार बसला आणि खोऱ्यातली निम्मी माणसं रिकामी झाली. मा आमच्या गावात आली, लोकांची धुणी धुतली, आणि टेकडीवर कॉलेज सुरू झालं तेव्हा तिनं घरावर माडी चढवली. तीन खोल्या, तीन पोरं, दोन वेळचं जेवण. मी नवऱ्याच्या वीज कंपनीतल्या नोकरीमुळे तिच्या शेजारी राहायला आले तेव्हा तिच्याकडची पहिली पोरं नुकतीच निघून गेली होती आणि ती त्यांच्याबद्दल सख्ख्या आईसारखी बोलत होती.

कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात पोरांना पांढरा कोट घालतात. त्या दिवशी मा त्यांना जिन्यावर उभं करून फोटो काढायची आणि बैठकीच्या भिंतीवर, येशूच्या तसबिरीशेजारी, लावायची. आता ती भिंत भरून गेली होती. आणि आमच्या गावाची आणखी एक खोड. कोट अंगावर चढला की त्या पोराला सगळे 'डॉक' म्हणणार. मिनीबसवाला, पाववाली, फादरसुद्धा. पोर अजून हाडांची नावं पाठ करत असतं आणि एखादी म्हातारी त्याला भर रस्त्यात अडवून गुडघा दाखवते. यात कुणाचा वाईट हेतू नाही. उलट मान देतो आम्ही.

सुमिंत्रानं कोको घेतला, पुरी घेतली, माडीवरची रिकामी खोली पाहिली, पाण्याचा नळ सोडून पाहिला. मग भिंतीसमोर येऊन उभी राहिली.

"हे सगळे इथं राहिले?"

"सगळे. माझे डॉक्टर," मा म्हणाली.

"आता कुठं असतात?"

मानं एका गोऱ्या, चष्मेवाल्या मुलावर बोट ठेवलं. हा ओहायोत, लहान मुलांचा डॉक्टर, नाताळला न चुकता फोन करतो. मग एका मुलीवर. ही फ्लोरिडात, लग्न झालं, दोन मुलं. तिसऱ्या फोटोवर बोट गेलं आणि तिथंच राहिलं.

"आणि हा?" सुमिंत्रानं विचारलं. "ही? हे दोघे?"

तिच्या बोलण्यात खोच नव्हती. खरंच विचारत होती, आणि वाट बघत होती. मा ओगुस्तचं बोट हळूच खाली आलं. मी इतकी वर्षं त्या भिंतीसमोर बसून कोको पीत आले, पण ते सगळे पहिल्या आठवड्यातले फोटो आहेत, शेवटच्या दिवसाचा एकही नाही, हे माझ्याही कधी मनात आलं नव्हतं.

"मला माहीत नाही," मा म्हणाली. "ते इथून गेले, एवढंच माहीत आहे."

सुमिंत्रा खुर्चीत बसली. पर्स मांडीवर घेतली. मग तिनं जे सांगितलं ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत देते.

"मी हॉस्पिटलात पेशंटना आंघोळी घालते, उठवते, बसवते. तेवीस वर्षं झाली. आमच्या मजल्यावर एक माणूस आहे. असल्याच एका बेटावर शिकला. परीक्षा दिल्या, डॉक्टर झाला, पण पुढं शिकाऊ म्हणून घ्यायला एकही हॉस्पिटल तयार झालं नाही. आता तो लोकांच्या दंडातून रक्त काढतो. डब्यात भात आणतो आणि जिन्यात बसून एकटा खातो. आणि त्याच मजल्यावर एक बाई आहेत. त्याही बेटावरच शिकल्या. आज हृदयाच्या मोठ्या डॉक्टर आहेत, त्या आल्या की सगळे उठून उभे राहतात. दोघंही मला नावानं ओळखतात. माझी पोर यांतली कोण होणार ते मला कसं कळावं? कॉलेजवाले मला त्या हृदयाच्या डॉक्टरबाईंसारख्या दाखवतात. त्या माणसाबद्दल मला कोण सांगणार?"

मा उठली. "कोको उतू जाईल," म्हणून आत गेली. कोको केव्हाच उतरवून ठेवला होता. मी मागोमाग गेले तर ती ओट्याला दोन्ही हात टेकून उभी होती. शरमेनं अर्धी झालेली बाई कशी दिसते ते मी त्या दिवशी पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तिला निरोजनचं सांगू का?" तिनं विचारलं.

निरोजनचं थोडंफार मला माहीत होतं. टोरांटोचा तमिळ मुलगा, लाजाळू, ताटातलं कधी टाकायचा नाही. माडीवरच्या मधल्या खोलीत होता. तेवढंच. मी म्हटलं, सांग. ती बाहेर गेली, आणि उभ्यानंच सांगायला लागली.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एक मोठी परीक्षा असते. ती पार केली तरच अमेरिकेतल्या हॉस्पिटलात शिकायला पाठवतात. निरोजन त्यात बसला आणि नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास. कॉलेजनं नाव काढून टाकलं. हे तो तिला बोलला नाही, कॉलेजातून कळलं; आणि पहिली कुणकुण लागली ती बोनिफेसकडून. "मा, तुझा डॉक हल्ली रोज माझ्या होडीपाशी बदामाच्या झाडाखाली बसलेला असतो," त्यानं विचारलं, "मासेमारी शिकतोय की काय?" मानं त्याला झिडकारलं. पण दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन लांबून पाहिलं. पोरगा कोट घडी करून मांडीवर घेऊन समुद्राकडे बघत बसला होता.

"मग मी काय केलं?" मा म्हणाली. "घरी आले आणि संध्याकाळी त्याला म्हटलं, या डॉक, जेवण तयार आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊठ डॉक, उशीर होतोय. रोज. मला वाटायचं मी त्याचा मान राखतेय. तो हो मा म्हणायचा, कोट चढवायचा आणि झाडाखाली जाऊन बसायचा. असं उन्हाळाभर चाललं. माझ्याच हाकेनं तो रोज उठून तिकडं जात होता, बाई. मी एकदा तरी म्हणायला हवं होतं, निरोजन, घरी बस, आज कुठं जाऊ नकोस."

सुमिंत्रानं पर्स मांडीवरून खाली ठेवली.

एका शनिवारी मानं पाहिलं, पोरगा बॅग भरतोय. रविवारी ती पहाटेच्या प्रार्थनेला गेली. प्रार्थना संपली तरी बाकावर बसून राहिली, नंतरची दुसरी प्रार्थनाही ऐकली. देवासाठी नव्हे. तो जाताना आपल्याला त्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये म्हणून. घरी आली तेव्हा चादरींच्या घड्या घातलेल्या होत्या, खोली झाडलेली होती.

"त्याच संध्याकाळी त्याच्या आईचा फोन आला." मानं टेबलाची कड धरली. "नेहमीसारखाच. निरोजन जेवला का? मला वाटलं होतं तो घरी सांगूनच निघाला असेल. तिला काहीच माहीत नव्हतं. आणि माझ्या तोंडून, जिभेला सवयच ना, माझ्या तोंडून गेलं, हो बाई, पोटभर जेवला, अभ्यासाला बसलाय."

खाली रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांची भांडणं ऐकू येत होती.

"चार दिवस तो मायामीत कुणा मित्राकडे होता. मग घरी गेला. त्याच्या आईनं मला पुन्हा फोन केला. ओरडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. एवढंच म्हणाली, तुम्हीसुद्धा? आणि ठेवून दिला."

इतकं बोलून मा खुर्चीत बसली. तिचे हात मांडीवर होते. मग तिनं ते उचलून पाठीमागं नेले. बसलेल्या माणसाला ते किती अवघड जातं, पण तिच्या ते ध्यानातही आलं नसावं.

"त्या आईच्या जागी मी असते तरी फोन ठेवला असता," सुमिंत्रा म्हणाली. "पण दोन दिवसांत मला इथं खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

"खरं सांगायला मला दोन वर्षं लागली. तेही तुम्ही विचारलंत म्हणून."

"मुलीला हे सगळं सांगते मी. रक्त काढणाऱ्याचंही आणि या मुलाचंही. हट्टी आहे, ऐकून घेईल आणि तरी येईल बहुतेक. पण आता माहीत असून येईल." ती उठली, झगा सारखा केला. "नवऱ्याला मात्र काय सांगू कळत नाही. त्यानं शेजाऱ्यांना पेऱ्हा, म्हणजे आमच्याकडचे पेढे, वाटूनसुद्धा टाकलेत."

मी हसले, आणि मग आम्ही तिघीही थोडं हसलो. नाइलाजाचं हसू होतं ते.

मिनीबसच्या थांब्यापर्यंत आम्ही तिला पोचवायला गेलो. बस आली. बसवाला मान बाहेर काढून म्हणाला, मा, नवीन डॉकची आई का? मानं त्याला उत्तर दिलं नाही. सुमिंत्रा आत चढून खिडकीशी बसली तेव्हा मा खिडकीजवळ गेली आणि काचेच्या कडेवर हात ठेवला.

"तुमची मुलगी आली तर माझ्याकडेच राहायला हवी असं नाही," ती म्हणाली. "कुठंही राहू दे. पण तिचं इथं नाही जमलं आणि परत जायची वेळ आली, तर जायच्या आधी तिनं मला सांगून जावं. एवढं तिला सांगा."