हरकत हाय

पिकल्या पेरूंचा वास आला की मला कोर्टाची ती खोली आठवते. परवा पडेगावच्या रस्त्यावर एका हातगाडीपाशी तसंच झालं.

मी लहान असताना भरदिवसा आमच्या पेरूच्या बागेत वडिलांचा खून झाला. पुढं पोलिसांनी तपास बंद करायचं ठरवलं, तेव्हा न्यायाधीशांनी आईला बोलावून घेतलं. मला भूक लागेल म्हणून तिनं पिशवीत पेरू घेतले होते. त्यांचा वास खोलीभर पसरला होता.

“खुनी सापडत नाही, बाई. तपास थांबवायला तुमची हरकत आहे का?” न्यायाधीशांनी विचारलं.

दिरांसमोर कधी मान वर न केलेली माझी आई म्हणाली, “व्हय साहेब, लई हरकत हाय. पोलीस दमले असतील, मी नाय दमले. मालक माझे गेलेत.”

न्यायाधीशांनी चष्मा काढून तिच्याकडं नीट पाहिलं आणि पुन्हा तपास करायचा हुकूम दिला.

आई कुणालाच भीत नाही, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण बोलताना तिनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की नखं रुतली होती. ती किती घाबरली होती, हे मला तिच्या वयाची झाल्यावर कळलं. घाबरूनही ती बोलली, आणि नंतर जन्मभर कोर्टाच्या प्रत्येक तारखेला बोलत राहिली.

आता आई नाही. खुनी अजून सापडलेला नाही. मंगळवारी पुन्हा तारीख आहे, आणि तिच्या जागी मी उभी राहणार आहे.