जावेच्या अंगठीतला निळा उजेड

गेल्या महिन्यात एका मंगळवारी दुपारी माझी धाकटी जाऊ वैशाली माझ्या मंचरच्या पार्लरमध्ये नखं करून घ्यायला आली. घरात भाच्याचं लग्न होतं. ती लोणीला सासूबाईंजवळ राहते, शेत बघते... जेल नेलपॉलिश तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच.

पॉलिश लावून मी तिचा हात वाळवायला यूव्ही लॅम्पमध्ये ठेवला. आत जांभळा उजेड असतो. त्या उजेडात तिच्या अंगठीतला हिरा एकदम निळा पेटला... गणपतीच्या आराशीतल्या बारीक बल्बसारखा.

ती आपली नखंच बघत होती, तिच्या लक्षातही आलं नाही. ती गेल्यावर दार लोटून घेतलं आणि माझा हात आत घातला. माझ्या अंगठीतला हिरा जसाच्या तसा. काहीच नाही.

आता या दोन अंगठ्यांचं सांगते. सासूबाईंच्या हिऱ्याच्या कुड्या होत्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्या मोडून आम्हा दोघी सुनांना एकेक अंगठी करायला लावली. प्रत्येक कुडीतला मधला मोठा हिरा एकेकीला आणि कडेचे बारीक हिरे नणंदेच्या पेंडंटला.

सराफाकडे वैशाली एकटीच गेली होती. तेव्हा लग्नसराई, मला पार्लर सोडून हलता येत नव्हतं. "तुमी नका धावपळ करू, मी करून आणते," असं तीच म्हणाली होती. दोन वर्षं मला ते बोलणं प्रेमाचं वाटत होतं. त्या दुपारी ते वेगळंच ऐकू यायला लागलं...

एकाच जोडीतले हिरे. मग एक पेटतो आणि एक पेटत नाही, हे कसं? एक नक्की खोटा. पण कुठला? मोबाईलवर शोधलं. एका व्हिडिओत एक बाई सांगत होती, चमकतो तो खोटा. दुसऱ्यात एक माणूस तितक्याच खात्रीने सांगत होता, चमकतो तोच खरा. मी त्या माणसाचं ऐकलं. म्हणजे खरा हिरा तिच्याकडे आणि माझ्या बोटात काच!

लग्नात मी नवरा-नवरी कमी आणि वैशालीचा हात जास्त बघितला. मांडवाबाहेर भर उन्हात तिचा हिरा पांढुरका दिसत होता, वाफ धरलेल्या काचेसारखा. माझा लखलखत होता. आत हॉलमध्ये गेलो तर दोन्ही सारखेच. आता मला तिचा खोटा वाटायला लागला. गंमत म्हणजे, हिरा कुठलाही खोटा ठरला तरी माझा संशय वैशालीवरच होता.

जेवणाच्या पंगतीत मी सहज विचारल्यासारखं म्हटलं, बघू गं तुझी अंगठी घालून. तिने ओढून बघितली. निघत नाही, कांदे भरून भरून बोटं सुजली आहेत, असं म्हणाली आणि हात पदराखाली घेतला. तो पदराखाली गेलेला हात मला रात्रभर दिसत राहिला.

खोडदच्या माझ्या बहिणीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला आधीपासूनच वाटत होतं. काय वाटत होतं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

शेवटी कोणाला न सांगता मी त्याच सराफाकडे गेले. जरा घुश्शातच. शेठनी माझ्या हिऱ्याला पेनसारखं टेस्टर लावलं, ते वाजलं. खरा आहे म्हणाले. मी म्हटलं, मग जावेचा निळा का पेटतो?

त्यांनी ड्रॉवरमधून जांभळ्या उजेडाचा छोटा टॉर्च काढला आणि चार-पाच हिऱ्यांवर धरला. दोन निळे झाले, बाकीचे झाले नाहीत. सगळे खरेच. काही हिऱ्यांत तो गुण जन्मतःच असतो म्हणाले, त्यावरून खरं-खोटं ठरत नाही. उन्हातही तसलाच न दिसणारा उजेड असतो, त्यामुळे असा एखादा हिरा बाहेर दुधाळ दिसतो आणि घरात आला की नेहमीसारखा. जुन्या कुड्यांत पेटणारे आणि न पेटणारे हिरे एकाच जोडीत सर्रास बसवलेले असतात.

मग ते सहज म्हणाले, "हे तुमच्या जाऊबाईंना मी तेव्हाच दाखवलं होतं. एक हिरा उन्हात मंद दिसेल, विकायला गेलात तर किंमतही थोडी कमी येईल, कुठला कोणाचा ते तुम्ही ठरवा म्हटलं. त्यांनी तो मंद स्वतःला ठेवला."

मी दुकानातून बाहेर पडले. मग पार्लर न उघडता स्कूटी तशीच लोणीला घातली.

वैशाली ओट्यावर मेथी निवडत होती. मी समोर बसले आणि लॅम्पपासून शेठपर्यंत सगळं सांगून टाकलं. बहिणीला केलेल्या फोनसकट. मंद हिरा स्वतःला का ठेवलास, विचारलं तर ती म्हणाली, "तुमचा हात रोज चार बायका बघत्यात. माझा निम्मा दिस मातीत असतोय. मला कुठला का असंना."

मग जुडी खाली ठेवून हळूच म्हणाली, "पण ताई, एवढं व्हतं तर मलाच इचारायचं की."

मी ती जुडी माझ्याकडे ओढली. आम्ही दोघींनी मिळून ती मेथी निवडून संपवली...

बहिणीला त्याच संध्याकाळी फोन करून खरं काय ते सांगितलं. आणि हे इथं लिहितेय ते वैशालीला विचारूनच. संशय मी गुपचूप घेतला होता, माफी तरी उघड मागावी.