आक्का आणि माझा मागचा पाय

मैदानावर आक्का चेंडूकडे बघायच्याच नाहीत, पायांकडे बघायच्या. देशाच्या संघात वर्षानुवर्षं यष्टिरक्षण केलेलं. माणूस मागून आणि खालून वाचायची सवयच जडली होती. दौंडच्या स्टँडवर उभ्या राहिल्या तरी कोण घरून भांडून निघालाय हे त्या चपलांवरून ओळखत. "तोंड लबाड असतंय, पाय न्हाई," असं त्यांचं ठरलेलं वाक्य.

गुडघ्यानं खेळणं सोडायला लावलं तेव्हा त्या खुटबावला परतल्या आणि आम्हा पोरींना शिकवू लागल्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, मला आमच्या न्हावऱ्याहून नदी ओलांडून तिथं घेऊन जायचे. बॅटिंग करताना उसळता चेंडू दिसला की माझा मागचा पाय लेगला, स्टंप उघडे टाकून पळायचा. आक्का टाचेमागे वीट ठेवायच्या. टाच सोलून निघायची, पाय पळायचा तो पळायचाच. एवढी भित्री पोरगी आणि एवढा हट्टी पाय आपण जन्मात पाहिला नाही, असं त्या हसत सांगायच्या. पुढे एका परदेशी संघानं त्यांना कोच म्हणून नेलं, तेव्हा अण्णांनी गावभर पेढे वाटले.

यंदा तोच संघ पुण्यात सराव सामना खेळायला आला आणि समोरच्या संघात मी होते. राज्याच्या संघात एकच जागा उरली होती. त्या दिवशी टिकले तर ती माझी होती. सामन्याआधी अण्णा कौतुकानं आक्कांना म्हणाले, आपल्या पोरीकडं लक्ष असू द्या. आक्का हसल्या नाहीत.

"अण्णा, आज मी त्या पोरींची हाय. हिचं जे ठाऊक हाय ते समदं त्यांना सांगितलंय."

अण्णांचा चेहरा पडला.

पहिलाच चेंडू बरगडीत बसला. मी हलले नाही. दुसरा हेल्मेटला घासून गेला, तरी उभी राहिले. सीमारेषेपाशी आक्का हाताची घडी घालून उभ्या होत्या. बोलर पुन्हा धावत आली, आणि तिनं चेंडू सोडायच्या आतच पाय निघून गेला. चेंडू उसळलाच नाही. ऑफ स्टंप उखडला. जागा दुसरीला मिळाली.

त्या बाईचं नाव या घरात काढायचं नाही, असं अण्णांनी बजावलं. चार दिवसांनी ती बाई स्वतःच दारात हजर. आईनं चहा दिला. अण्णा आतल्या खोलीतून उठलेच नाहीत. मी चिडून विचारलं, एवढं एक गप्प राहता आलं नाही का तुम्हाला?

"आलं असतं. मग त्या पोरींशी लबाडी झाली असती," आक्का म्हणाल्या. "उद्या तू कोच झालीस आन् माझी टीम समोर आली, तर माझं बी समदं सांगायचं. माया करायची न्हाई."

मला रडूच फुटलं. राग जराही गेला नव्हता, तरी त्या जायला उठल्या तेव्हा त्यांनी जाऊ नये असंच वाटत होतं.

दिवस कलला होता, नदीपलीकडे जाणारी शेवटची एसटी निघून गेली होती. अण्णा बाहेर आले. कुणाकडेही न बघता त्यांनी मोटरसायकलला किक मारली.

"बसा आक्का," ते म्हणाले. "खुटबावला सोडतो."